पत्रिकेतली काशीबाई

कामतघर भागात भोईरांच्या चाळीत नवा भाडेकरू आला की जुने त्याला पहिलं काय सांगतात? मालकीण म्हातारीला नावाने हाक मारू नकोस, मावशी म्हण. कारण म्हातारीचं नाव कचराबाई. आता यात त्या बिचारीची काय चूक? पण बहात्तर वर्षं झाली, ही बाई आपल्याच नावाशी भांडतेय, आणि भांडायला ती कुणाच्या बापाला भीत नाही. सकाळी घंटागाडीवाला भोंग्यावर "ओला कचरा, सुका कचरा" सुरू करतो तेव्हा ती गॅलरीतून ओरडते, "मेल्या, हळू बोल! मी न्हाय यायची तुझ्या गाडीत!" चाळ हसते, तीही हसते. पण आत कुठे तरी दुखतंच.

गोष्ट अशी की तिच्या आधी तिच्या आईची चार मुलं दगावली होती. अशा घरात पाचवं मूल आलं की त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवायचं, शेजारघरच्या कुणी तरी ते उचलायचं, आणि आईने सूपभर तांदूळ देऊन ते परत मागून घ्यायचं. म्हणजे मूल आपलं नाही, कचऱ्यात सापडलेलं. असल्या मुलाला मरण कशाला हात लावतंय? नावही मग तसंच ठेवायचं. तिच्या माहेरी, कोन गावात, तेव्हा ही रीत सगळ्यांना ठाऊक होती, पण शाळेतल्या पोरांना रीतभात कुठली कळायला! हजेरीत नाव आलं की पोरं नाक धरायची. दुसरीत असताना तिने पाटी आपटली ती आपटलीच, पुन्हा शाळेची पायरी चढली नाही. राग मात्र तिने शाळेवर धरला नाही, धरला आईवर. टाकली ती टाकली, वर चारचौघांत तेच सांगणारं नाव ठेवलं! आई जाईपर्यंत ती तिच्याशी कधी धड बोलली नाही.

यंदा नातीचं, रुचिकाचं, लग्न ठरलं. नवरा मुलगा सुश्रुत, त्याचे वडील निवृत्त मास्तर, घरात म्हणे भिंतीभर पुस्तकं. नातू कुणाल पत्रिकेचा मजकूर घेऊन आजीसमोर बसला आणि उगाच कागद सारखा करत राहिला.

"आजी, तुझं नाव... म्हणजे, ती लोकं वाचणार ना..."

"लाज वाटते तर सरळ बोल की."

"काशीबाई घालू?"

त्याला वाटलं, आता म्हातारी उखडणार. पण म्हातारीचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "घाल! इतकी वर्षं कुणाला सुचलं कसं न्हाय रे?" दिवसभर ती तोंडातल्या तोंडात काशीबाई, काशीबाई करत होती. पत्रिका छापून आल्या. वर आजोबांचं नाव, 'कै. तुळशीराम', आणि खाली 'श्रीमती काशीबाई'. रुचिकाने बोट ठेवून दाखवलं तेव्हा म्हातारीने त्या अक्षरांवरून पदर फिरवला. हेच नाव घेऊन मरायचं, असं तिने तिथेच ठरवून टाकलं.

चाळीतल्या पत्रिका वाटायला ती स्वतः निघाली. पहिली खोली घूरनचाचाची. चाळीस वर्षं कापडाचा लूम चालवून कान गेलेला माणूस, पण अक्षर लावून वाचणारा.

"ये काशीबाई कौन है, मावशी?"

"मैं! कचरा फेक दिया मैंने!" आणि तिने त्याच्या कानाशी ओरडून सगळं पुराण ऐकवलं, उकिरड्यापासून पाटीपर्यंत.

म्हातारा खो खो हसत सुटला. "तो मेरा नाम क्या गुलाब है? घूर माने कूड़े का ढेर. माँ के तीन बच्चे गए, चौथा मैं. घूर पे लिटाया, घूरन नाम रखा. हमारे गाँव में तो ऐसे चार-चार घूरन हैं."

शेजारी नळावर हंडा भरणारी पेंटम्मा हे ऐकत होती. हंडा तसाच सोडून ती आली. "आमच्या तेलुगूत पेंटा म्हणजे पण उकिरडाच, मावशी. म्हणून तर मी पेंटम्मा. माझ्या मामाचा मुलगा पेंटय्या."

कचराबाईने कमरेवर हात ठेवले. वीस-तीस वर्षं ही माणसं तिच्या चाळीत राहत होती. घूरन हे कुण्या शूरवीराचं नाव असेल, पेंटम्मा म्हणजे तिकडची देवी असेल, असं ती धरून चालली होती. कुठे याचा मुलूख, कुठे तिचा आणि कुठे कोन! "अगं बाई, म्हणजे आपण तिघं एकाच उकिरड्यावरची भावंडं की!"

"और क्या!" घूरनचाचा म्हणाला.

"शरम नहीं आती तुमको?"

"शरम काहे की? माँ ने रखा है, सोच के ही रखा होगा."

"तुमचं तुम्हाला लखलाभ. मी आता काशी," असं म्हणून ती पुढच्या खोलीकडे वळली. पण त्याचं ते शेवटचं वाक्य तिला आवडलं नाही. बाकीच्या पत्रिका तिने दारातूनच हातात कोंबल्या.

चौथ्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. कोनची पार्वती उतरली, ब्याऐंशी वर्षांची. दहा वर्षांची असताना उकिरड्यावरून कचरीला उचलणारी शेजारघरची पोर ती हीच. उंबऱ्याशी येते न येते तोच तिने हंबरडा फोडला, "कचरे! माझे बाये! मना न सांगता गेलीस गं!"

झालं होतं काय, कोनला पत्रिका पोचली. तिच्यात कचराबाई कुठेच नाही. म्हातारी वारली, असं निम्म्या गावाने ठरवलं. उरलेल्या निम्म्याने ठरवलं की तुळशीरामाला काशी नावाची दुसरी बायको होती आणि ती आता उजेडात आली.

कचराबाई पिठाच्या हातांनी बाहेर धावली. "कोण गेली? मी हितं भाकऱ्या थापतेय!"

पार्वतीने तिला डोळे भरून पाहिलं आणि तिच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. मग गळ्यात पडून रडली. पाणी पिऊन झाल्यावर, घडला प्रकार कळल्यावर, ती खरी चिडली.

"नाव बदलतेस? तुझ्या आयेने ठेवलेलं?"

"टाकलं व्हतं तिने मना."

"टाकलं? मना शंभरदा बजावलं व्हतं तिने, ठेवली की उचल, एक श्वास थांबू नको. तुझ्याआधीची चार, सोनी, रूपा, माणिक, जाई. निवडून निवडून गोड नावं ठेवली व्हती. म्हणायची, पार्वते, गोड नावं त्या मेल्या मरणाला लगेच ऐकू जातात."

"ते समजलं. पण मग रोज दिवेलागणीला आळीभर ओरडायची कशाला, कचरे, ए कचरे? घरात हळू हाक मारता येत नव्हती? सगळी पोरं हसायची मना."

"ती पोरांना ऐकवत नव्हती गं," पार्वती म्हणाली. "ती त्या मरणाला ऐकवायची. ह्या घरात नुसता कचरा हाय, तू पुढं जा, म्हणून. तू बोलायची बंद झालीस, तरी तुझं लग्न होईस्तोवर एक दिवस चुकली न्हाय."

"मना का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्या हाकेचा गुण गेला असता."

कचराबाई खाली बसली. पिठाचे हात तसेच तोंडावर घेऊन ती लहान मुलीसारखी रडली. मी तिला काय काय बोलले गं, काय काय बोलले, एवढंच म्हणत राहिली. पार्वतीने तिला रडू दिलं. आत तव्यावरची भाकरी करपली, ती रुचिकाने उतरवली.

कुणाल संध्याकाळी घरी आला तेव्हा पार्वती परत गेली होती आणि आजी पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती.

"मुलाकडच्या गेल्या का?"

"नाही, उद्या द्यायच्यात."

"देऊ नको. नव्या छाप. माझं नाव कचराबाईच घाल. आणि माझ्या वर माझ्या आयेचं घाल, कै. कमळाबाई."

"तुझ्या आईचं? आजी, माहेरच्या पणजीचं नाव पत्रिकेत कोण घालतं? लोक विचारतील, ही कोण म्हणून."

"विचारू दे."

कुणालने खिशातून पेन काढलं. "बरं. मग कमळाबाईच्या पुढे काय लिहू?"

"लिही," म्हातारी म्हणाली, "कचरीची आई."