मी निवडून दिलेला गॅसचा आयर्न

नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच मी त्या काउंटरला उभी राहायचे. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कल्याण स्टेशनपासून पाच मिनिटांवर इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मी डोंबिवलीची, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केलेली. झोपेतून उठवून विचारलंत तरी रेझिस्टरच्या रंगीत पट्ट्यांचा हिशोब सांगितला असता. पण गिऱ्हाईक यायचं ते माझ्या डोक्यावरून मागे बघत, "शेठ नाहीत का?" म्हणत. मग माझं टाळकं सटकायचं. "शेठ आहेत, पण त्यांना यातलं काही कळत नाही. बोला." शेठ मागे बसून हसायचे.

एक काका मात्र पहिल्या दिवसापासून मलाच विचारायचे. पन्नाशी उलटलेली. ठाण्यातला कारखाना बंद पडल्यावर ते घरोघर जाऊन टेप, रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करू लागलेले. राहायचे कल्याणात, पण कारखान्यातले जुने सोबती ठाण्याजवळच्या बाळकुम गावचे, त्यामुळे कामही सगळं तिकडचंच. तिथली आगरी-कोळी माणसं आपला सेट दुकानात न्यायला देत नसत. नेला की आतला चांगला माल बदलतात, असा त्यांचा पक्का समज, आणि तो अगदीच खोटा नव्हता. काका ओटीवर बसून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सेट उघडायचे आणि तिथेच सोल्डरचा टाका मारायचे. त्या विश्वासावर त्यांचं घर चालायचं.

अडचण विजेची होती. लाइट गेली की सोल्डरिंगचा साधा आयर्न थंडगार, आणि काका हात बांधून बसलेले. "ताई, विजेशिवाय चालेल असा आयर्न द्या. तुम्ही म्हणाल तो घेतो," ते म्हणाले.

दुकानात दोन होते. एक बारा व्होल्टचा, बॅटरीला चिमटे लावून चालणारा. दिसायला भिकार, पण मी स्वतः वापरलेला. दुसरा त्याच आठवड्यात आलेला, गॅसचा. लायटरचा गॅस भरायचा, टोपणातल्या ठिणगीने पेटवायचा, जाड्या पेनासारखा खिशाला लावून फिरायचं. तो मी एकदाही पेटवून बघितला नव्हता. डब्यातला माहितीचा कागद घरी सावकाश वाचू म्हणून काढून घेतलेला, तो पर्समध्ये तसाच पडलेला.

"बॅटरीचा बरा नाही का?" काकांनी विचारलं. "होडीची, टेम्पोची, कुठली तरी बॅटरी मिळतेच तिथे."

"काका, कुठल्या जमान्यात आहात? बॅटऱ्या उचलत फिरणार का आता? हा घ्या."

"आगीची भीती नाही ना? लोकांच्या घरात बसायचं असतं."

"छे हो. ज्योतच नाही याला. आतल्या आत तापतो."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. 'मला माहीत नाही, बघून सांगते' एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण ज्या एका माणसाने मला जाणकार मानलं होतं, त्याच्यासमोर ते तोंडातून निघेना.

त्या संध्याकाळी घरी कागद वाचला. टोकाच्या मागे एक बारीक खाच असते, तिच्यातून जळलेल्या गॅसची गरम हवा बाहेर पडते. कापड, कागद जवळ नको. बाणाने दाखवलं होतं, शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. काका पुढच्या आठवड्यात कपॅसिटर घ्यायला आले. मी कपॅसिटर दिले, खाचेबद्दल बोलले नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. बोलायचं म्हणजे मागे मारलेली बढाई कबूल करायची.

मग बरेच दिवस ते आलेच नाहीत. आले तेव्हा आयर्न कागदात गुंडाळून आणलेला.

बाळकुमला एका घरी हळद होती. दुपारीच अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला, त्यात लाइटही गेलेली. काकांना बोलावणं आलं. त्यांनी आयर्न तापवला, टाका मारला आणि पुढची वायर सोलायला तो बाजूला ठेवला. खाचेचं तोंड मांडवाच्या झालरीकडे. झालर पेटली. कोणीतरी लगेच कळशी ओतली, जळालं ते तळहाताएवढंच. पण हळदीच्या मांडवात आग लागली. कोणी त्यांना शिवी दिली नाही, उलट चहा पाजला. फक्त त्या दिवसापासून त्या गावात एकाही घराने त्यांना बोलावलं नाही. लग्नसराई चालू होती, आणि हा माणूस घरी बसलेला.

हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. आयर्न काउंटरवर ठेवून विचारलं, "ताई, माझं काय चुकलं? तुम्ही काही सांगितलेलं मी विसरलो का?"

शेठ मागे होते. बाजूला दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. तरी काकांनी स्वतःच सरळ विचारलेलं; खरं बोलायची याहून सोपी वेळ मला कोणी दिली नसती. मी आयर्न उचलला, खाच दाखवली आणि म्हणाले, "ही बाजू कापडाकडे करायची नसते, काका. बोललेले ना मी?"

ते खाचेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, नाही बोललात. मान हलवून म्हणाले, "बोलला असाल. वय झालं, ध्यानात राहत नाही." मी त्यांना तसंच समजू दिलं. ही लाज तीस वर्षांत तसूभरही कमी झालेली नाही.

पैसे परत घ्या, असं शेठच म्हणाले. काकांनी घेतले नाहीत. "हा इथेच ठेवा," ते मला म्हणाले. "कोणी घ्यायला आलं की त्याला ही खाच दाखवा. निदान दुसऱ्याच्या हातून असं होणार नाही." त्यानंतर ते दुकानात दिसले नाहीत.

मी चार वर्षं तिथे होते. गॅसचे आयर्न मी पुष्कळ विकले, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला काकांचा आयर्न काढून खाच दाखवली. दाखवताना म्हणायचे, "नीट बघून घ्या. एका काकांना इतकं बजावलेलं, पण त्यांनी ऐकलं नाही."