फळीकडे बघणारं कुत्रं

कुत्र्यांना भूत दिसतं, असं कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारते, त्या घरात जावा किती आहेत.

आमच्या घरी दोघी होतो. मी थोरली. सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, गेल्या तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि आपल्याइतकी हुशार बाई अख्ख्या पेठेत नाही अशी माझी खात्री होती. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. ऊन चढलं. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल म्हणून घरचा एकेक जण पुढं होऊन शब्द द्यायला लागला. माझी पाळी आली तशी मी हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "आत्याबाई, तुमची खोली हाय तशी ठेवीन. कुणाला हात लावू देणार न्हाय." त्याच क्षणी कावळा शिवला. मी घाटाच्या पायऱ्या अशा ऐटीत चढले, जणू तो कावळा माझ्या माहेरचा होता.

खरं तर ती खोली मलाच हवी होती. घरातली तेवढीच एक कोरडी आणि उन्हाची. उन्हाळ्यात कांदा-लसणाची चटणी करून विकायचं किती वर्षं माझ्या मनात होतं, आणि मिरच्या पसरायला दुसरी जागा नव्हती. दोन महिने शब्द पाळला. तिसऱ्या महिन्यात मिरचीची पोती त्याच खोलीत आणून टाकली. धाकटीलाही तिथं शिलाई मशीन मांडायचं होतं. पोती बघून ती एक अक्षर बोलली नाही. मला संशय तिथंच यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तांबडं कुत्रं खोलीत आलं. गल्लीतलंच, पण आत्याबाईंच्या हातची भाकरी खाऊन वाढलेलं. ते रिकाम्या कॉटपाशी बसलं आणि मान वर करून वरच्या फळीकडे टक लावून बघायला लागलं. भुंकणं नाही, शेपूट हलवणं नाही. मग रोज तेच. दुपारची ती आत्याबाईंची पान खायची वेळ.

"आक्का, मुक्या जनावराला दिसतंय म्हणं," धाकटी दारातनं हळूच म्हणाली. "तुम्ही घाटावर कायतरी बोलला हुता न्हवं?"

झालं. कुत्रं बसलं की मी डोक्यावर पदर घ्यायला लागले. रिकाम्या कॉटला पाठ दाखवायची नाही म्हणून खोलीतनं उलट्या पावलांनी बाहेर यायची. दहीभाताचा निवद ठेवायची. तो कुत्रं खायचं, आणि मी समजायची, आत्याबाईंना पोचला. ऊद तर इतका जाळला की हे म्हणाले, "आई दिसंल न दिसंल, मला तू दिसंना झालीस."

पोती बाहेर काढायची म्हणून मी कंबर कसली, त्याच दिवशी धाकटी हात पुसत खोलीत आली. कुत्र्यानं भुताला सोडलं आणि ते तिची बोटं चाटायला लागलं. तिनं हात झटक्यात पदराखाली घेतला.

ती बाजाराला गेल्यावर मी स्टूल लावून फळीपर्यंत चढले. मागच्या कोपऱ्यात जुन्या परकराच्या तुकड्यात बांधलेले सुके बोंबील निघाले. उदाच्या धुरात मला वास कुठला यायला.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी शेजारी बसून म्हटलं, "आत्याबाई सपनात आल्या. म्हणाल्या, थोरले, माझ्या फळीवर बोंबील कुणी ठेवलंय बघ."

तिचा हात परातीतच थांबला. "सपनात वास बी येतोय व्हय, आक्का?"

"त्यांना येतोय. आता तू सांग."

तिनं सांगितलं. पण वर म्हणाली, "मी शुक्रवारी ठेवलं, आईशप्पत. त्याच्या आदी आठ दिस कुत्रं तसंच बसत हुतं की. ते बघूनच मला सुचलं."

फळी आम्ही दोघींनी मिळून काढली, भिंत साबणानं धुतली, फरशी दोनदा पुसली. दुसऱ्या दिवशी दुपारी कुत्रं आलं, बसलं आणि कोऱ्या भिंतीकडे मान वर करून बघत राहिलं.

"तू बस, मी च्या टाकते," मी म्हटलं.

"न्हाय, तुम्ही बसा. च्या मी टाकते."

शेवटी दोघी उठलो, दोघींनी मिळून एवढासा चहा केला आणि दोघी परत आलो. त्या उन्हाळ्यात मिरच्यांची देठं आम्ही दोघींनी खुडली. तिचं मशीनही खिडकीपाशी आलं. कुत्रं पुढं म्हातारं होऊन गेलं, तरी त्या खोलीत एकटीनं बसायचं दोघीही टाळतो. गल्लीतल्या बायका आपल्या सुनांना आमचं उदाहरण देतात, जावा असाव्यात तर अशा.

आता सत्तरी आली. अजून मिरची खुडताना मी मधेच तिला विचारते, "शुक्रवारीच ठेवलंतंस न्हवं?" ती मशीनवरची मान वर न करता म्हणते, "व्हय की, आक्का." हे ती खरं सांगते, की अर्ध्या खोलीसाठी तेव्हापासून तीच थाप रेटून नेते, ते मला अजून कळलेलं नाही.