जाणारा आकडा

"येणारं ऱ्हाऊ द्या भाऊ, जाणारं किती त्ये सांगा!"

मावशींनी फोन माझ्या नाकासमोर धरून असं म्हटलं, की माझा चहा निवलाच म्हणून समजा. लेकीकडे कायमच्या जाईपर्यंत त्या खंडाळ्यात माझ्या शेजारी राहायच्या. माहेर कुरवंड्याचं, काम बंगल्यांवर स्वयंपाकाचं. तुम्ही-आम्ही इंटरनेटचा स्पीड तपासतो तो मॅच अडकायला लागली म्हणून. येणारा आकडा मोठा दिसला की आपण खूश. आपल्याकडून जाणारा आकडा कोण लेकाचा बघतो?

मावशी तेवढाच बघायच्या. त्यांच्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. लग्न होऊन ती साताऱ्याला गेली, आणि मायलेकींचं सगळं बोलणं व्हिडिओ कॉलवर आलं, हातांच्या खुणांनी. भाजी काय केली इथपासून सासू काय म्हणाली इथपर्यंत. लेक इकडे स्वच्छ दिसायची, पण तिकडे मावशींचे हात मध्येच थांबून जायचे. "माझं बोलणं अर्ध्यातच ऱ्हातं. पोर नुसती बघत बसती," असं म्हणून डोळे पुसायच्या.

पावसाळ्यात तर कहर झाला. लेकीला पाचवा महिना लागलेला, विचारायचं-सांगायचं ढीगभर, आणि जाणारं जवळजवळ काहीच नाही. मी कंपनीच्या माणसाला फोनवर यथेच्छ झापलं. बिचारा भिजत आला, घरभर फिरला.

"मावशी, राऊटर कुठाय?"

"कपाटात."

लोखंडी कपाटात! पावसाळ्यात कपड्यांना ओल धरू नये म्हणून आपण कपाटात बल्ब लावून ठेवतो ना, तसा बल्ब लावून, दुपट्यात गुंडाळून राऊटर साड्यांवर निजवलेला.

"ओल लागून बिघडंल की त्यो!" मावशी उलट आमच्यावरच डाफरल्या.

आम्ही दोघं हसून हसून बेजार. राऊटर बाहेर काढून खिडकीशी टांगला, मी स्पीड बघितला. "मावशी, आता जातंय!" त्यांनी लगेच कॉल लावला, आणि मग ते हात असे काही चालले की विचारू नका. आमच्याकडे कुणी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

त्याच हिवाळ्यात मावशींना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा पडलेला. लेक बाळंतीण, तिला लगेच येता येईना. मीच कॉल लावून दिला. लाईन उत्तम होती, चित्र स्वच्छ. मावशींनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, उठेना. मग डाव्यानं काहीतरी करायला गेल्या, ते वेडंवाकडं झालं. त्यांनी तोंड फिरवलं. मी फोन बंद करायला हात पुढे केला.

लेकीनं तिकडून जोरजोरात मान हलवली. मांडीवरचं बाळ सासूकडे दिलं, स्वतःचा उजवा हात पाठीमागे घेतला, आणि नुसत्या डाव्या हातानं, अगदी सावकाश बोलायला लागली.

मावशी बघत राहिल्या. मग हळूहळू त्यांचाही डावा हात हलायला लागला.