गरम बॉनेट

ज्ञानोबा शिंगाडेला धुराच्या वासावरून इंजिनाचं दुखणं कळतं, हे जयपूरच्या मराठी मंडळींत शेंबड्या पोरालाही ठाऊक. गडी मूळचा माण तालुक्यातला. फौजेच्या वर्कशॉपात चोवीस वर्षं इंजिनं उलगडली, हवालदार म्हणून इथंच रिटायर झाला आणि मानसरोवर कॉलनीत राहिला. बँकेत, विम्यात बदलून आलेल्या कुणी जुनी गाडी घ्यायचं काढलं की आधी ज्ञानोबाला फोन. त्यानं ‘घ्या’ म्हटलं तरच गाडी घरी यायची.

त्याची रीत ठरलेली. जायचं ते सकाळीच, गाडी रात्रभर उभी असताना. आधी बॉनेटवर तळवा. कोमट जरी लागलं तरी ‘उद्या येतो’ म्हणून माघारी. विकणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मग सायलेन्सरमागं उकिडवं बसून सेल्फ मारायला लावायचा.

“थंड इंजिन खोटं बोलत न्हाई,” तो सांगायचा. “काळा धूर आला तर पेट्रोल जास्त खातीया, ते निभतं. थंडीत पांढरी वाफ येतीच, तिला भ्यायचं न्हाई. पण पांढरा थांबंना, गोडसर वास सुटला, तर कूलंट आत शिरतंय. आन् निळा आला का गप उठायचं. ती ऑइल जाळतीया.”

विमा कंपनीतल्या प्रतिमा गायधनी नाशिकहून बदलून आल्या. त्यांना गाडी हवी होती, आणि रंगनाथ आपली विकायला काढत होता. ज्ञानोबाला बरंच वाटलं. रंगनाथ त्याच्याच युनिटातला, शेजारच्या गावचा, आता सीतापुऱ्यातल्या एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर. ज्ञानोबाचा बाप गेला तेव्हा आपल्या वाट्याची सुट्टी सोडून यानंच त्याला गावी धाडलं होतं.

एका सकाळी प्रतिमाताईंना घेऊन ज्ञानोबा गेला. बॉनेटला हात लावला. गरम.

“दूध आणाया गेल्तो रं,” रंगनाथ म्हणाला. “आता माझ्या गाडीला बी उद्या येतो म्हणतोस काय? अनुसया, चहा टाक गं, परीक्षक आलेत!”

ज्ञानोबा हसला आणि चहाला बसला. अनुसयावहिनींनी पोहे पुढं केले, तेही खाल्ले. मग गाडी चालू केली. धूर काही नाही. ऑइल मोजायची पट्टी उपसून बघायचं त्याच्या मनात आलं होतं, पण मित्राच्या दारात त्याच्याच इंजिनात डोकं घालायची त्याला लाज वाटली.

“घ्या ताई,” तो म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात ताईंचा फोन. “काका, काल कानोत्याच्या धरणावर गेलो होतो. मागचे लोक हॉर्न मारून सांगत होते, मॅडम, धुआँ! आणि रोज सकाळी पार्किंगमध्ये नुसता धूर. खालचे वॉचमन भैया ओरडतात.”

“कसला हाय?”

“निळसर.”

दुसऱ्या सकाळी ज्ञानोबा त्यांच्या पार्किंगमध्ये उभा. बॉनेट गार. सेल्फ मारला आणि सायलेन्सरमधून निळा लोट निघाला, जळक्या तेलाचा वास थेट नाकात. त्यानं पट्टी उपसली. पातळी पार खाली, आणि टोकाला लागलं होतं ते ऑइल काकवीसारखं दाट. धूर दाबायला ऑइलात चिकट औषध ओततात, आठ-दहा दिवस निभतं, मग पुन्हा निळं. ही लबाडी रंगनाथला ठाऊक कशी? युनिटात असताना, ‘दलाल लोकं असं फशिवत्यात बघ’ म्हणून ज्ञानोबानंच त्याला ती दाखवली होती.

तो तडक सीतापुऱ्याला गेला. रंगनाथ गेटवर खुर्ची टाकून बसला होता.

“औषध घातलंस?”

रंगनाथनं आधी इकडंतिकडं बघितलं. “घातलं.”

“आन् दूध?”

“कसलं दूध! अर्धा तास गाडी चालू ठिवली हुती. तुझा हात बॉनेटवर पडणार, मला म्हाईत न्हाई व्हय? मला वाटलं, तू उठून जाशील. उठला असतास तर मी तोंड सुदिक उघडलं नसतं. तू चहाला बसलास गड्या.”

“दुसऱ्या कुणाला तरी इकायची हुतीस.”

“दुसऱ्या कुणी घेतली नसती. तुझ्या शब्दावर खपली.” आणि मग हळूच, “बाईला सांग, त्या दिवशी धूर नव्हता. खोटं थोडंच हाय?”

ज्ञानोबा माघारी वळला. परत येताना बसमध्ये तो तेच वाक्य घोळवत राहिला. त्या दिवशी धूर नव्हता. खरंच नव्हता. एवढं म्हटलं की त्याचं नाव शाबूत राहणार होतं.

प्रतिमाताईंनी दार उघडलं. तो आत गेला नाही.

“ताई, गाडीत जुनं दुखणं हाय. रंगनाथनं दाबून ठिवलं. पर बॉनेट गरम हुतं, ते मला हाताला लागलं हुतं. मी उठाया पायजे हुतं.”



“काका, मतलब तुम्हाला कळलं होतं?”

“व्हय.”

“मग तिथं तुम्ही कुणासाठी आला होतात? आमच्यासाठी, की त्यांच्यासाठी?”

“त्याच्यासाठी,” ज्ञानोबा म्हणाला.

ताईंनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.