पाहुण्याचा पहिला फटका

आमच्या गल्लीतले बियाण्यांचे दुकानदार बोलताना समोरच्याचा खांदा झटकतात, धूळ असो वा नसो. माणूस वाईट म्हणावा, तर कुणाच्याही दुखण्याखुपण्याला सगळ्यात आधी हजर.

पेरण्या झाल्या आणि पावसानं दडी मारली, त्या दिवसांत ते मला पाहुणा म्हणून गोल्फ खेळायला घेऊन गेले. अमरावतीबाहेरची शेतं उघडी पडलेली, अन् इथं झाडांच्या सावलीत मऊ, हिरवंगार गवत. माझ्या पहिल्याच फटक्याला चेंडू जागीच राहिला, गवतासकट मातीचं ढेकूळ तेवढं उडालं. दुकानदारांनी ते लगबगीनं उचलून आणलं, खड्ड्यात बसवलं, बुटानं हळूच दाबलं आणि प्यायच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं.

"मातीले उघडं ठेवू नाही, भाऊ," माझा खांदा झटकत ते म्हणाले.

तेवढ्यात भातकुलीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याचं सोयाबीन उगवलंच नव्हतं.

"तुमीच खोल पेरलं असन. म्या काय करू? पाऊस आला का दुसरी थैली घेऊन जाजा."

आवाज चढला नाही, उतरलाही नाही.

निघताना त्यांनी माळ्याला मुद्दाम बोलावून ती ओली जागा दाखवली.

"उद्या सकाळी फोन करजो मले. गवतानं जीव धरला का नाही, सांगजो."