खरखर बंद करणे

वडिलांचा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा गळ्याच्या ऑपरेशनमध्ये, दुसऱ्यांदा माझ्या शहाणपणामुळे. पहिल्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. आवाजाची नस गाठीला चिकटलीय, धोका आहे, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दुसऱ्याबद्दल मात्र मी अजून भांडतो, आणि समोर दुसरं कुणी नसल्यामुळे स्वतःशीच भांडतो.

पप्पा कारेगावच्या एका कारखान्यात फिटर होते, आणि दर रविवारी शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये गायचे. गाणं म्हणताना शेवटच्या बाकापर्यंत माईक लागायचा नाही. ऑपरेशननंतर बोलले की नुसती हवा यायची, तिच्यात कुठंतरी थोडा घोगरा आवाज. समोरच्याला कान जवळ न्यावा लागायचा. गाणं संपलं, पण गिटार राहिली. लग्नांत वाजवणारा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्यांच्याकडून घेतलेली डाळिंबी रंगाची इलेक्ट्रिक गिटार, अर्धी पोकळ. म्हणजे मधोमध लाकडाचा ठोकळा आणि दोन्ही बाजूंना पोकळी, वर व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोकं.

त्या गिटारीनं मागच्या वर्षी शिट्टी मारायला सुरुवात केली. अँपचा, म्हणजे गिटार जोडतात त्या स्पीकरच्या पेटीचा, आवाज जरा वाढवला की ऐन उपासनेत अशी किंचाळायची की मांडीवरची पोरं दचकून रडायची. पाळकसाहेब भले माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दुरुस्त तरी करून घ्या, नाहीतर थोडे दिवस गिटार घरीच राहू द्या." माझं डोकंच फिरलं. आवाज गेलेल्या माणसाची गिटार घरी ठेवायची म्हणजे माणूसच घरी ठेवायचा की.

मग मी कामाला लागलो. मी दौंडला राहतो आणि कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करतो. कॅन्टीनमध्ये सांगितलं, पिकप बदलायचाय, तर शेजारचा म्हणाला, "जुना कितीला देतो? आमच्या मेव्हण्याला कांदा वाहायला पाहिजेच हाय." आमच्याकडं पिकप म्हणजे चार चाकांचा. गिटारीचा पिकप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकाची डबी, तिच्यात केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की ती थरथर टिपून डबी अँपकडं पाठवते. आमच्या दोन्ही डब्यांतले वेढे इतक्या वर्षांत सैल झाले होते. त्यामुळं तारेबरोबर त्या आलंगेलं सगळं टिपायच्या. लाकडावर बोट आपटलं तरी, अँपचा स्वतःचा आवाज आला तरी, आणि त्यातूनच शिट्टी.

महिनाभर मी मोबाईलवर पिकपच वाचत होतो. जोरकस चुंबकाचे घेतले तर आवाज मोठा, पण पप्पांच्या हलक्या हाताला कर्कश. मवाळ घेतले तर गोड, पण टाळ्यांच्या गाण्याला पुरणार नाहीत. तारांमधलं अंतर जुळलं पाहिजे, डबी खाचेत बसली पाहिजे. शेवटी मवाळच ठरवले, आणि मेणात बुडवलेले. मेणानं वेढे जागच्या जागी घट्ट बसतात, मग शिट्टी नाही की काही नाही. मेणबत्तीचं मेण म्हणजे देवाचंच काम, असा विनोदही मी पप्पांना करून दाखवला.

त्यांना तो आवडला नाही. "राहू दे," ते म्हणाले, "शिट्टी मी सांभाळतो. व्हॉल्यूम कमी ठीवतो."

"पप्पा, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?" मी म्हणालो.

चाळीस वर्षं गिटार वाजवणाऱ्या माणसाला मी हे विचारलं. त्यांनी गिटार पेटीत ठेवून पेटी माझ्यापुढं सरकवली. 

वायरींना डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंगला, बारीक हात पाहिजे, म्हणून दौंडला आमच्या कंपनीच्या मोटारी भरणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडं नव्या डब्या आणि गिटार नेली. जळालेली मोटार फोडायची, नवी तार भरायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. गिटार त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतली, पण आतल्या वायरी ओढायच्या आधी त्यांना दोरे बांधून ठेवले, म्हणजे नव्या वायरी त्याच वाटेनं भोकातून आत जातील. असला माणूस. मी त्यांना चिठ्ठीवर तक्रारी लिहून दिल्या होत्या. कंपनीत लॉगबुक भरून भरून मला ती सवयच लागलीय: एक, शिट्टी मारते. दोन, हात लागला तरी ठकठक ऐकू येते. तीन, प्रत्येक गाण्याच्या शेवटी खरखर येते, ती बंद करणे.

"जुन्या डब्यांचं काय करू?" मामांनी विचारलं.

"बघा काही होत असलं तर," मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.

त्या रविवारी गिटार इतकी स्वच्छ वाजली की पाळकसाहेबांनी मान डोलावली. एक शिट्टी नाही. मी ताठ मानेनं बसलो होतो. पहिलं गाणं संपलं. पप्पा गिटारीवर वाकले, तोंड तारांच्या अगदी जवळ नेलं, ओठ हलले. मग त्यांनी अँपकडं पाहिलं. गिटारीचं बटण फिरवलं, पुन्हा वाकले, पुन्हा ओठ हलले, आणि ते तसेच वाकून थांबले. मला वाटलं, तार तपासतायत.

उपासना सुटल्यावर पहिल्या बाकावर बसणारी म्हातारी मावशी मला म्हणाली, "का रं, आज तुझ्या पप्पाचं आमेन न्हाई आलं?"

"कुठलं आमेन?"

"आरं, त्या पेटीतनं येतंय न्हवं का दर गाण्याला. घोगरं."

मी वळून अँपकडं पाहिलं. सैल वेढ्यांच्या त्या डब्या सगळं टिपायच्या, तशी पप्पांची हवाही टिपायच्या. ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःसाठी तेवढी एक फट शोधून काढली होती. सगळी मंडळी आमेन म्हणायची त्यात त्यांचंही असायचं. एका म्हातारीला ते कळलं होतं. मी मात्र ती खरखर तीन नंबरला लिहून दिली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

पाळकसाहेबांना कळल्यावर त्यांनी लगेच माईकचा स्टँड पप्पांपुढं आणून ठेवला. पप्पांनी तो हातानं बाजूला केला. "मला काय भाषण करायचंय?" एवढंच म्हणाले. मी त्यांची माफी मागितली, आधी का नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सांगन्यासारखं काय होतं त्यात?"

सोमवारी शिफ्ट सुटली तसा मी गिटार घेऊन मामांच्या दुकानात गेलो. जुन्या डब्या परत बसवू, मारू दे शिट्टी, असं ठरवूनच. मामांनी कौतुकानं त्या पुढं केल्या. काळ्या, चकचकीत, दगडासारख्या.

"वार्निशमधी बुडवून बल्बखाली भाजल्यात," ते म्हणाले. "मोटारीचं करतो तसंच. आता वेढा हलायचा न्हाई, शंभर वर्षं."

"मामा, मी कुठं सांगितलं होतं?"

"तूच म्हनला न्हवं, बघा काही होत असलं तर? म्हंजी काम करायचं. त्याचे पैसे न्हाई घेनार मी, चर्चचं काम हाय."

त्यांच्या धंद्यात 'बघा' म्हणजे दुरुस्त करा. ते बिचारे खरंच बोलत होते, आणि मला त्यांचा राग येत होता. खिळ्याला लावलेली माझी चिठ्ठी काढून त्यांनी डब्यांबरोबर दिली. तिन्ही तक्रारींपुढं बरोबरच्या खुणा होत्या. वार्निश निघतं का, म्हणून विचारलं. म्हणाले, काढायला गेलं की तारच तुटंल.

डब्या आणि चिठ्ठी मी गिटारीच्या पेटीत टाकली, आणि पुढच्या रविवारी ती तशीच शिरूरला नेली. जुन्या डब्या परत बसवूनही काही होणार नाही, हे पप्पांना कसं सांगावं, याचा वाटभर विचार करत होतो. घरी पोचलो, पाणी प्यायला आत गेलो. बाहेर येतो तर पप्पांनी पेटी उघडली होती आणि चष्मा लावून ते चिठ्ठी वाचत होते.

तिसऱ्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. 

पप्पांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते, बिनआवाजाचं. लहानपणी माझ्या अक्षरावरून त्यांनी मला पट्टीनं मारलेलं आहे, बगळ्याचे पाय काढतो म्हणून. डोळे पुसत त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. जवळ जाऊन त्यांच्या तोंडाला कान लावला, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितलं.

"अक्षर मातर सुधारलं तुझं."