जवळ्याच्या डब्यातला पंप

घाटकोपरच्या चाळीतल्या सुगंधाला दमा होता आणि लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं. तिच्या सासूने, अंजनाबाईने, दोन्हींची सांगड घातली. ‘त्या दम्याच्या पंपान कूस सुकता गो, फेकून दे,’ म्हणाली आणि स्वतः नवस बोलली, की सुनेला दिवस राहीपर्यंत मासळीला शिवणार नाही. मालवणी बाईने मासळी सोडली म्हटल्यावर देवालाही काही सुचेना झालं असेल.

डॉक्टरीणबाई सुगंधाला म्हणाल्या, ‘पंपाने काही बिघडत नाही. दमा आटोक्यात असेल तर दिवस राहायला बरंच. रोज घे.’

सासूचा हात लागणार नाही अशी घरात आता एकच जागा होती, सुक्या जवळ्याचा डबा. वर्षभर सुगंधाने पंपाबरोबर जवळ्याचाही वास ओढला.

चौऱ्याऐंशी साली दिवस राहिले. ‘पंप सोडल्यान म्हणान रवले,’ असं अंजनाबाई चाळभर सांगून आली आणि नवस फिटला म्हणून तिने थेट जवळ्याचा डबा उघडला.

म्हातारीने पंप काढला, पदराने पुसला आणि सुनेच्या हातात दिला. ‘चाळीत बोला नको. माका थय तोंड दाखवूचा आसा.’

मग तवा ठेवत म्हणाली, ‘जवळो भाजतंय. तू भायर बस, धूर लागतलो.’